डाव्या नळीतला तडा

मिस्त्रींच्या हातात जादू होती. तोंडाला मात्र कायमचं कुलूप. मोडकी बंदूक त्यांच्याकडे टाकली की नव्यासारखी होऊन येणार, याबद्दल कुणाला शंका नव्हती. कधी येणार, ते मात्र देवालाही सांगता आलं नसतं. फोन वाजला की मिस्त्री कानस आणखी जोरात चालवायचे. बायको म्हणायची, "अहो, उचला की. माणूस आहे पलीकडे, वाघ नाही."

"काम झालं की कळवतो म्हणावं," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

बेकरीवाल्याची दुनळी अशीच अडकून पडली होती. बंदूक त्याच्या वडिलांची. लेकीला नुकताच परवाना मिळाला होता, आणि तळ्यावर बदकं उतरली की तिने पहिला बार आजोबांच्या बंदुकीने उडवावा, एवढीच त्याची हौस. मिस्त्रींनी लाकडी दस्ता पोरीच्या मापाचा केला, तेल पाजून चकचकीत केला. मग नळ्या साफ करून दिव्यापुढे धरल्या, तर डाव्या नळीत, काडतूस बसतं तिथेच, केसाएवढा तडा. त्या नळीतून बार काढला तर ती फुटणार, यात संशय नव्हता.

आता हे सांगायचं कसं? वडिलांची आठवण, बिचारा आस लावून बसलेला. वाईट बातमी फोनवर द्यायची म्हटलं की मिस्त्रींना घाम फुटायचा. येईल तेव्हा समोर बसवून सांगू, म्हणून त्यांनी बंदूक डावीकडच्या खुंटीला टांगली. डावीकडची म्हणजे 'द्यायची नाही'. ही खूण त्यांच्या डोक्यात होती, बायकोलाही कधी सांगितलेली नव्हती.

आणि बेकरीवाला आला तो नेमका मिस्त्री बाजारात गेले असताना. दुकानात उभा राहून त्याने अशी काही तोंडाची तोफ डागली की बायको शरमेने अर्धी झाली. तिने खुंटीकडे पाहिलं. दस्ता कसा लखलखत होता.

"बेकरीवाल्याला शांत केला एकदाचा," दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ओतताना ती म्हणाली. "देऊन टाकली त्याची बंदूक."

मिस्त्री चहा टाकून उठले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आपणहून गिऱ्हाइकाला फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला, पुन्हा लावला. शेवटी गाडी काढून बेकरी गाठली, तर कामगार म्हणाला, मालक लेकीला घेऊन तळ्यावर गेलेत.

तळ्याच्या काठाने ते धापा टाकत निघाले आणि पुढे बार उडाल्याचा आवाज झाला. ते आवाजाच्या दिशेने धावले. झाडीपलीकडे पोरगी खांदा चोळत, हसत उभी होती. बार उजव्या नळीतून निघाला होता. आता डाव्या नळीच्या चापाकडे तिचं बोट सरकत होतं.

"पोरी, थांब. हात काढ त्याच्यावरून."

मिस्त्रींनी बंदूक घेतली, उघडली, डावीकडचं काडतूस काढलं आणि नळी उजेडात धरून बापाला तडा दाखवला. बेकरीवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"यांचाच फोन येत होता," लेक हळूच म्हणाली. "बाबा म्हणाले, वाजू दे. त्यांनाही कळू दे कसं वाटतं ते."

बेकरीवाल्याने मान खाली घातली. मग विचारलं, "कधी दिसला तुम्हाला हा?"

"झाले बरेच दिवस."

"आणि सांगितलं नाहीत?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

इतकी वर्षं मिस्त्री याला आपला चांगुलपणा समजत आले होते. त्या पोरीसमोर ते शब्द तोंडातून बाहेर पडले आणि त्यांना स्वतःचीच किळस आली. बेकरीवाल्याने लेकीला जवळ ओढलं आणि तिच्या चेहऱ्यावरून हात फिरवू लागला. कपाळ, डोळे, गाल, पुन्हा डोळे.

"बाबा, अहो, काही झालं नाहीये मला," ती म्हणत होती. त्याचा हात थांबत नव्हता.