सुतळीने बांधलेलं फाटक

मी एक जुना दरवाजा आहे. घराचा नव्हे, कुरणाचा. लोक मला फाटक म्हणतात, म्हणोत बापडे. मित्रांनो, ओकच्या पाच आडव्या फळ्या जोडून सुताराने मला घडवलं आणि पाठ थोपटून म्हणाला, "हा नातवंडांनाही पुरेल." इंग्लंडातल्या सेव्हर्न नदीकाठी मी चाळीस वर्षं मेंढ्या अडवल्या. माझ्यावर रेलून लोकांनी सँडविचं खाल्ली, पावसाला नावं ठेवली. रंग मात्र मला एकदाच मिळाला.

गेल्या ऑक्टोबरात नदी फुगू लागली. मालकीण हिल्डा प्रॉसर हिने मला सताड उघडून सुतळीने कुंपणाला बांधलं. कुरणात पाणी शिरलंच, तर मेंढ्यांनी आपणहून टेकडीवर जावं, असा तिचा बेत. मग ती पलीकडची गुरं हलवायला गेली.

दुपारी डेरेक आणि मॉरीन हे म्हातारं जोडपं सहलीला आलं. दोघं चिंब भिजलेली.

"पाऊस उघडतोय हं," डेरेक म्हणाला.

"सकाळपासून उघडतोच आहे तुझा पाऊस! आणि हे बघ, फाटक उघडं टाकून गेलाय कुणी मेला. मेंढ्या रस्त्यावर आल्या म्हणजे?"

आमच्याकडची रीत अशी, की फाटक जसं दिसेल तसंच सोडायचं. ह्या शहरातल्या माणसांना मात्र 'फाटक लावा' एवढंच ठाऊक. डेरेकने गाठ सोडली आणि मला लावून टाकलं. मला ओरडावंसं वाटलं, पण लाकडाला तोंड कुठे?

तासाभराने दोघं फिरून परतली, तेव्हा मेंढ्यांच्या पोटाला पाणी लागलं होतं. सगळ्या मला रेटत होत्या, आणि मी त्यांच्याच बाजूला उघडणारा. हलणार कसा?

"डेरेक, हे आपण केलं रे!" मॉरीन रडू लागली.

"रड नंतर. आधी ते टोक धर!"

दोघांनी जीव खाऊन मला बिजागऱ्यांवरून उचललं. मी पाण्यात आडवा पडलो आणि एकेचाळीस मेंढ्या मला तुडवत टेकडीवर गेल्या. माझ्या दोन फळ्या मोडल्या. खरं सांगतो, इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

हिल्डा धापा टाकत आली. डेरेकने मान खाली घातली. "फाटक मी लावलं, बाई. उघडं दिसलं म्हणून..."

"आणि बांधलेलं नाही दिसलं?" ती कडाडली. मग दोघांचे निळे पडलेले ओठ बघून म्हणाली, "चला घरात. चहा घ्या आधी, शिव्या नंतर देते."

आता माझ्या जागी लोखंडी फाटक आलंय. मी ओढ्यावर आडवा पडून असतो. मेंढ्या माझ्यावरून ये-जा करतात. डेरेकचा मला राग नाही. तो भलं करायलाच गेला होता. पण मित्रांनो, दुसऱ्याने मारलेली गाठ सोडण्याआधी ती का मारली, ते विचारा. विचारायला कुणी नसेल, तर राहू द्या ती तशीच.