वरच्या मजल्यावरची दालचिनी

मत्सर ही दुबळ्या माणसांची भावना असून ज्याच्या हातात कसब आहे त्याच्या वाटेलाही ती जात नाही, असा निर्वाळा टेलर मास्तरांनी एका दुपारी भर दुकानात दिला. ऐकायला दुकानात तीन कोट होते आणि तिन्ही बिनमुंडक्याचे, त्यामुळे विरोध झाला नाही. निर्वाळा देता देता मास्तरांनी उजवी बाही डाव्या खांद्याला जोडली. लक्षात आलं तेव्हा शिलाई पुरी झाली होती.

"याला जबाबदार तो दाताचा डॉक्टर," उसवता उसवता मास्तर कोटाला म्हणाले.

हे दाताचे डॉक्टर त्यांच्या वरच्या मजल्यावर नव्याने राहायला आले होते. दवाखाना बंद केलेला, बायको जाऊन काही वर्षं झालेली, स्वभाव गोड. हसले की सगळे दात दिसत, आणि सगळे स्वतःचे. या माणसाने उभा जन्म लोकांना गोड खाऊ नका म्हणून बजावण्यात घालवला आणि निवृत्त झाल्यावर पहिलं काम काय केलं, तर गोड करायला शिकला. खाली सफरचंदाच्या फोडी, त्यावर साखर नि दालचिनी, आणि सगळ्यात वर लोणी-मैद्याचा खमंग चुरा. हे सगळं भट्टीत लालसर होईपर्यंत भाजायचं आणि गरम गरम खायचं. दर रविवारी दुपारी तो वास जिना उतरून मास्तरांच्या घरात न विचारता शिरे, आणि मागोमाग डॉक्टर विचारून शिरत.

इथवर मास्तरांची तक्रार नव्हती. तेही दोन वाट्या खात. पण पहिल्याच रविवारी त्यांच्या बायकोने एक चमचा तोंडात घातला, डोळे मिटले आणि ती म्हणाली, "वा!"

वा!

एवढंसं अक्षर; पण ते मास्तरांच्या काळजात जे घुसलं ते टाचणीसारखं तिथेच राहिलं. कारण लग्न झाल्यापासून आजतागायत त्यांच्या वाट्याला ते आलं नव्हतं. गावातल्या निम्म्या नवरदेवांना त्यांनी उभं केलं होतं. पोट सुटलेल्यांची पोटं लपवली होती, खांदे उतरलेल्यांना खांदे दिले होते. एका कुबड आलेल्या गृहस्थाला असा कोट शिवून दिला होता की त्याला भाषणं करायची सवय लागली. प्रत्येक कोट ते बायकोपुढे धरत, आणि बायको चष्म्यावरून बघून म्हणे, "झाला का? द्या इकडे, काजं करते." किंवा, "बगलेत ओढतोय." आणि तो बगलेत खरंच ओढत असे, ही त्यातली आणखी वाईट गोष्ट.

पुढे पुढे तर घरात 'डॉक्टर म्हणाले' हा नवा पाहुणाच राहायला आला. डॉक्टर म्हणाले, लोणी गार हवं. डॉक्टर म्हणाले, फोडी फार पातळ करू नयेत. बायको रिकामं भांडं द्यायला वर जायची ती चांगली निवांत परत यायची.

"एक भांडं द्यायला एवढा वेळ?" मास्तर टेपची गुंडाळी करत विचारत.

"बोलत बसलो."

"कशावर?"

"खुर्चीवर," बायको म्हणाली आणि कामाला लागली.

शेवटी एका रविवारी डॉक्टरांची पाठ वळताच मास्तरांच्या तोंडून निघून गेलं, "त्यात काय आहे एवढं? वर नुसता चुरा टाकलाय. चुरा म्हणजे आमच्या धंद्यात कातरण! मी कधी गिऱ्हाइकाला कातरण बांधून दिलंय?"

"मग तुम्ही करा अखंड," बायको भांडं चाटूनपुसून घेत म्हणाली.

"करतो! पुढच्या रविवारी त्यांना खाली बोलव. म्हणावं, हात हलवत या."

बायकोने त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी दुकानाचं दार अर्धं ओढून घेऊन लेकीला फोन लावला. लेक दुसऱ्या गावी असते. तिने आधी विचारलं, "आई बरी आहे ना?" मग विचारलं, "तुम्ही बरे आहात ना?" दोन्हींची खात्री झाल्यावर ती कृती सांगू लागली.

"आधी वाटीभर मैदा घ्या, बाबा."

"वाटी कशी? अंगाबरोबर की सैल?"

"सपाट. त्यात गार लोणी चोळायचं, चिमूटभर मीठ, घोटभर गार पाणी. मळत बसू नका. दोन पोळ्या लाटायच्या. एक भांड्याच्या तळाला घालायची, मग फोडी, मग दुसरी वरून."

"म्हणजे अस्तर आणि वरचं कापड."

"हो, अगदी. फक्त जरा मोठ्या कापा, भाजताना आक्रसतात."

"मग आधी भिजवून वाळवून घेऊ का?" मास्तरांनी धंद्यातली गोष्ट विचारली. नवीन कापड आटू नये म्हणून ते तसंच करत.

"बाबा, पीठ आहे ते! आणि कडा काट्याने नीट दाबा, नाहीतर रस बाहेर येतो. आईला का नाही विचारत हे?"

"तिचं नाव काढू नकोस," मास्तर म्हणाले. "हे सगळं तिच्यासाठीच चाललंय."

पलीकडे लेक खुदकन हसली. मग म्हणाली, "बरं."

रविवारी जेवणं उरकताच मास्तरांनी बायकोला स्वयंपाकघरातून हद्दपार केलं. ती बाहेरच्या खोलीत खिडकीशी एक कोट मांडीवर घेऊन काजं करत बसली. आत मास्तरांनी गळ्यात टेप अडकवला आणि भांड्याचं माप घेतलं: घेर, खोली, काठाची रुंदी. शिलाईसाठी दोन बोटं जास्तीची धरली. पीठ मळलं, लाटलं. पोळीच्या मध्यावर एक फुगवटा काही केल्या बसेना, तेव्हा त्यांची नजर इस्त्रीकडे गेली. पण त्यांनी मन आवरलं. कोरड्या पिठाने खुणा केल्या आणि मोठ्या कात्रीने पोळी अशी कापली की वर्तुळाला नुसतं बघून चक्कर यावी. अस्तर तळाशी बसवलं. फोडी एकावर एक नीट रचल्या, साखर भुरभुरली, दालचिनी घातली. डॉक्टरांपेक्षा कमी पडायला नको म्हणून आणखी घातली. मग वरचं कापड अलगद पांघरलं आणि दोन पावलं मागे जाऊन मान तिरकी करून पाहिलं. फिटिंग झकास होतं.

फक्त कडा धरेना. फोडींना रस सुटला होता, काठ ओला झाला होता. एकीकडे काट्याने दाबावं तर दुसरीकडे तोंड वासायचं. मास्तरांनी दाबलं, चिमटलं, दटावलं. बाहेरून बायकोचा आवाज आला, "काही हवंय का?"

"काही नको!"

"डॉक्टर म्हणतात, काठाला जरा..."

डॉक्टर काठाला काय म्हणतात ते मास्तरांनी ऐकून घेतलं नाही. त्यांच्या डोक्यात तिडीक गेली. दोन कापडं एकमेकांना धरत नसतील तर काय करायचं, हे त्यांना जन्मभर लोकांच्या तोंडात बघणाऱ्या माणसाकडून शिकायचं नव्हतं. त्यांनी मोठी सुई घेतली, उकळत्या पाण्यात बुडवली, कारण स्वच्छतेला ते फार जपत. पांढरा दोरा ओवला आणि अस्तर नि वरचं कापड यांना भांड्याच्या काठाने गोल कच्ची शिलाई घातली. कच्ची शिलाई म्हणजे तात्पुरती. काम पुरं झालं की दोरा ओढून काढायचा. मास्तरांनी आयुष्यात कच्चा दोरा आत ठेवून माल बाहेर दिला नव्हता. आताही भाजून झालं की तो एका झटक्यात ओढायचा, असंच त्यांनी ठरवलं होतं.

काठ बसला. भांडं भट्टीत गेलं. थोड्या वेळाने जो वास सुटला तो मास्तरांनी मुद्दाम दार उघडून वरच्या जिन्याकडे पाठवला. जाऊ दे जरा उलट दिशेने.

डॉक्टर आले ते दोन्ही तळहात दाखवत. "हात हलवत आलोय, वहिनी. लाज वाटते."

"बसा हो. आज मीही पाहुणीच आहे."

दोघं हसली. मास्तरांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. त्यांनी भांडं आणून मधोमध ठेवलं. वरचं आवरण बदामी रंगाचं झालं होतं, मधून वाफ निघत होती, काठ कसा, फीत लावल्यासारखा. पांढरा दोरा लोण्यात भाजून त्याच रंगाचा झाला होता आणि कुणाच्या डोळ्याला दिसत नव्हता. मास्तरांच्या तर नाहीच, कारण त्यांचे दोन्ही डोळे बायकोच्या चेहऱ्यावर लागले होते. सुरी चालवली तीही तिच्याकडे बघत. पहिला तुकडा तिच्या ताटलीत घातला आणि स्वतः न बसता ते तिथेच उभे राहिले, पहिल्या ट्रायलला गिऱ्हाइकासमोर उभे राहत तसे.

बायकोने फुंकर मारली. घास घेतला. चावला. तिच्या भुवया किंचित वर गेल्या. पापण्या मिटू लागल्या. ओठांचा चंबू होऊ लागला...

आणि पापण्या एकदम उघडल्या. तिने दोन बोटं तोंडात घातली आणि एक टोक धरून ओढायला लागली. ओढता ओढता हात लांब झाला.

"हे काय?"

समोर डॉक्टरही ओढत होते. त्यांच्या हाती चांगला वीतभर आला. त्यांनी तो उजेडात धरून पाहिला, दोन्ही हातांच्या बोटांना गुंडाळला आणि शांतपणे दाढांमधून फिरवला.

"मास्तर," डॉक्टर मग म्हणाले, "मी लोकांना जन्मभर सांगत आलो, गोड खाल्लं की दातांतून दोरा फिरवा. एकाने ऐकलं नाही. तुम्ही तो आतच घालून दिलात! वा! वा, मास्तर, वा!"

तीनदा. आणि तेही कुणाकडून!

बायको हसायला लागली. आधी पदर तोंडाला लावून, मग पदर सोडून, मग टेबलाला धरून. डॉक्टरांनी दोरा टाळत टाळत आपला तुकडा संपवला, दुसरा मागून घेतला, काठ मात्र नको म्हणाले. जाताना मास्तरांचा हात मनापासून हलवला. माणूस खरंच चांगला होता. त्यामुळे मास्तरांना तो आणखीच असह्य झाला.

दार लागलं आणि मास्तर फुटले.

"हस! खुशाल हस! त्यांच्या कातरणाला वा म्हणतेस. मला आजवर एकदा तरी म्हणालीस?"

बायकोचं हसू हळूहळू ओसरलं. तिने डोळे पुसले, खिडकीशी जाऊन बसली आणि कोट पुन्हा मांडीवर ओढला.

"आणि तुम्ही?"

"मी काय?"

"ही काजं कोण करतं? बटणं, हातशिलाई, आतली सगळी टीप? गिऱ्हाईक कोट चढवतं, बटण लावतं, कसं लोण्यासारखं सरकतं. म्हणतं, मास्तर, काय हात आहे तुमचा! आणि तुम्ही मान हलवता. झालेले कोट द्यायला येते तेव्हा दुकानाच्या पडद्यामागून बघते मी."

मास्तरांनी मान हलवली, आणि आपण ती हलवली हे कळून थांबवली.

"मग त्या डॉक्टरांचं एवढं काय..."

"काही नाही हो. तो बिचारा पहिला घास गिळेपर्यंत समोर उभा राहतो. कसं झालंय वहिनी, म्हणून तोंडाकडे बघत. असं कुणी उभं राहिलं की निघतंच तोंडातून. तुम्ही कोट दाखवता तो सही घेतल्यासारखा. विचारता कधी?"

"आज उभा होतो की मी," मास्तर बारीक आवाजात म्हणाले.

"होतात ना! म्हणून तर आलंच होतं ओठावर. दोरा आधी आला, त्याला मी काय करू?"

मास्तर खुर्चीत बसले. म्हणजे आलं होतं! अर्धं बाहेर आलं होतं! त्यांनी ते मनातल्या मनात पुरं करून पाहिलं. ठीक वाटलं, पण जरा आखूड. मग ते उठले. बायकोच्या मांडीवरच्या कोटाची कड त्यांनी उचलली, खिडकीशी धरली आणि काजांवरून अंगठा फिरवला. एकेक टाका मुगाच्या दाण्यासारखा, शेजारच्याला खेटून, ना कमी ना जास्त. हे काम वर्षानुवर्षं त्यांच्या हाताखालून जात होतं आणि ते बाह्या बघत बसले होते. त्यांनी खाकरून घेतलं, छाती भरून घेतली, आणि इतक्या वर्षांचं सगळं एका अक्षरात कसं बसवावं या विचाराने तोंड उघडलं.

"तेवढं बोलणं नंतर," बायको सुई पुढे करत म्हणाली. "उजेड चाललाय. एवढी ओवून द्या आधी."