पाकिटावरचा एकशे चव्वेचाळीस

शेठ असा, ताई असा, आधी एक सांगा. भरवसा कुणावर ठेवायचा? पाकिटावर छापलेल्या आकड्यावर, की समोर बसून वाटणी करणाऱ्या बाईवर?

घाई नको. मी एकशे चव्वेचाळीस बोलतोय. बाजारात मला ग्रोस म्हणतात, बारा डझन.

बाराला बारानेच गुणा, मी हजर. एक, एक, दोन, तीन, पाच असे मागचे दोन मिळवत चला. बाराव्या पायरीवर मीच बसलेला सापडेन. पण माझी खरी मिजास वाटणीत आहे. दोघांत वाटा, तिघांत, चौघांत, सहा, आठ, नऊ जणांत. कुणाच्या मनात किंतु राहत नाही.

बदलापुरात बेलवलीला काशी, तिची जाऊ राजाबाई आणि शेजारी भाड्याने राहणारी चंद्री अशा तिघी शर्टांना बटणं लावायचं काम घरी घेत. मजुरी बटणामागे. चंद्री मूळची बारवी धरणाकडच्या पाड्यावरची. या कामावर तिचं घरभाडं निघायचं. पाकीट फोडलं की पत्ते वाटावेत तशी ती एकेक बटण तिघींपुढे टाकायची. एकूण किती, ते कुणी मोजलंच नाही. शेवटची फेरी कायम पुरी व्हायची, मग मोजायचं कशाला?

पाकिटं यायची उल्हासनगरच्या धर्मेशच्या बटणांच्या कारखान्यातून. तिथे बटणं वजनावर भरतात. एकदा मोजून वजन धरायचं, मग सगळी पाकिटं त्याच वजनाची. एके दिवशी धर्मेशने वजनच एकशेचाळीसचं धरलं.

जुना तोलणारा मधु म्हणाला, "शेठ, चार कमी बसतायत."

"बसू दे ना. गिऱ्हाईक काय चष्मा लावून मोजणार हाय? वरती छापलंय, बस झालं."

आणि चहात बिस्कीट बुडवून खाल्लं त्याने. मला किळस आली. चोर मी पुष्कळ पाहिलेत, पण हा माझंच नाव अंगावर घालून चोरी करत होता.

एकशेचाळीसला तीनने भाग जात नाही. शेवटच्या फेरीला चंद्रीच्या हातात दोनच बटणं उरली.

"तिसरं कुठंय गं?" राजाबाईने विचारलं.

"पाकिटातच नव्हतं."

"हो का? छापलेलं खोटं, नि तू खरी?"

दुसरं पाकीट फोडलं, तेच. तिसरं, तेच.

"चंद्रे," काशी म्हणाली, "चार आण्याच्या बटणापायी पदर झटकायला लावू नको बाई."

चंद्री उठली. पदर झटकला, निऱ्या झटकल्या. काही पडलं नाही.

"आधीच सरकवलं असेल कुठंतरी," राजाबाई पुटपुटली. दुसऱ्या दिवसापासून चंद्रीला हाक गेली नाही.

आता जावा दोघीच वाटायला बसल्या. सत्तर-सत्तर. एकही उरलं नाही.

"बघितलंस?" काशी म्हणाली. "ती गेली नि हिशोब बसला."

शिसारी आली हो. खोट्यालाही दोनने सरळ भाग जातो, हे त्यांना कोण सांगणार? मी तिथेच होतो, फाटक्या पाकिटावर छापलेला. मला तोंड कुठे?

चंद्री आता अंबरनाथ एमआयडीसीत पॅकिंगला जाते. रस्त्यात दिसली की राजाबाई पिशवी दुसऱ्या हातात घेते.

तर मंडळी, एक विनंती. वाटणी जुळली म्हणजे हिशोब खरा ठरत नाही. आधी अख्खं पाकीट मोजा, मग माणसाकडे बोट करा. आणि पाकीट तुमच्याच हातून भरत असेल, तर एवढं करा: एकशेचाळीस भरायची असतील, तर वरती एकशेचाळीसच छापा.