आधार कोणत्या वाक्यात?

‘यमुनाबाई कधी चिडत नाहीत’ असं विरार पश्चिमेच्या त्या मराठी शाळेत सगळेच सांगत. वर्गात कितीही गोंगाट असला तरी ती फळ्यापाशी हाताची घडी घालून नुसती उभी राहायची आणि मुलं आपोआप गप्प व्हायची. शिकवायची मराठी, पण तिचा खरा जीव अपठित उताऱ्यात. बाकीचे शिक्षक प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायला सांगत आणि त्याच्या आजूबाजूचं वाक्य उतरवून घेत. यमुनाला ते पटत नसे. ‘‘लिहिलेलं कुणीही वाचेल,’’ ती मुलांना म्हणायची, ‘‘दारात ओली छत्री दिसली तर बाहेर पाऊस आहे हे कुणी सांगावं लागतं का? ते आपण ओळखायचं. मात्र आधार कोणत्या वाक्यात आहे, ते दाखवता आलं पाहिजे.’’

अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीत संस्थेचे दोन पदाधिकारी चंदनसारला तिच्या घरी आले होते. मुख्याध्यापिका होणार का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. यमुना आत फराळाच्या बशा भरत होती. तिचा नवरा दिनानाथ स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी बसलेला. त्याने तिला हाक न मारताच बाहेर सांगून टाकलं, ‘‘ती नकोच म्हणतेय. तिला झेपायची नाही ही कटकट.’’ यमुना ट्रे घेऊन बाहेर आली तेव्हा गप्पा दुसऱ्याच विषयावर गेल्या होत्या. पाहुणे गेल्यावर त्याने तिला हे हसत हसत सांगितलं. ‘‘बरं केलंत,’’ म्हणून तिने बशा उचलल्या. ते पद तिच्याहून धाकट्या लुसीबाईंना मिळालं, आणि यमुनाबाईंनीच नको म्हटलं असं सगळ्या शाळेत झालं, तेही तिने खोडून काढलं नाही.

सुट्टीनंतर आठवी ‘अ’ला तिने स्वतः रचलेला एक छोटासा उतारा फळ्यावर लिहून दिला. सुमनने चहा केला. कप नवऱ्यासमोर ठेवला. खिडकीचा पडदा सरकवला. बाहेर छान ऊन पडलं होतं. पिशवी घेऊन ती कामाला निघाली. सुमन कशी आहे, हा प्रश्न. कामसू, टापटिपीची, असं काहीतरी उत्तर येईल अशी तिची अपेक्षा होती.

राजोडीहून येणारी ग्लोरिया उठली. ‘‘बाई, ती चिडलीय.’’

‘‘आधार कोणत्या वाक्यात?’’

‘‘कप ठेवला म्हनून लिवलंय. दिला म्हनून नाय.’’

यमुनाला आधी बरंच वाटलं. असंच तर वाचायला हवं होतं तिला. तरीही तिने ‘नवऱ्यासमोर ठेवला’ पुसून ‘नवऱ्याला दिला’ केलं. ‘‘आता?’’

‘‘आता तर जास्तच,’’ मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं. ‘‘खोडलं म्हणून.’’

‘‘बरं, चिडलीय तर कुणावर?’’

‘‘नवऱ्यावर,’’ पहिल्या बाकावरची आर्या पाढा म्हणावा तशी सहज म्हणाली. ‘‘पाहुण्यांसमोर तो तिच्या वाटचं बोलला ना.’’

यमुनाचा खडू तिथल्या तिथे थांबला. उताऱ्यात पाहुणे नव्हते.

‘‘तुला कोणी सांगितलं हे?’’

‘‘कुणी नाही, बाई. इथेच तर आहे.’’ आर्या पुढे आली आणि तिने कपाच्या वाक्याखाली, पडद्याच्या वाक्याच्या वर, नुसत्या काळ्या फळ्यावर बोट ठेवलं. सगळ्या वर्गाने मान डोलावली.

मधल्या सुट्टीत यमुना तडक मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेली. ‘‘माझ्या घरातल्या गोष्टी मुलांपर्यंत कोण पोचवतं, लुसी?’’

‘‘कसल्या गोष्टी?’’ लुसीबाई गोंधळल्या. ‘‘अगं, तूच नको म्हणालीस ना? एवढंच मला ठाऊक.’’

त्या खोटं बोलत नव्हत्या, हे यमुनाला दिसत होतं, आणि त्यामुळेच तिच्या कानशिलांत काहीतरी ठणकू लागलं. त्या दुपारी बाहेरच्या खोलीत काय झालं हे दिनानाथ आणि तिच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. त्या पदाधिकाऱ्यांनासुद्धा तो तिचाच निरोप वाटला होता.

दुसऱ्या दिवशी आठवी ‘ब’साठी तिने मुद्दाम वेगळा उतारा घेतला. त्यात बाई नव्हती, चहा नव्हता, घरच नव्हतं. राजोडीच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडाच्या सावलीत एक म्हातारा पडला आहे, ओहोटी लागली आहे, जाळी वाळत घातली आहेत, लांब एक होडी आहे, बस्स. म्हाताऱ्याच्या मनात काय चाललं असेल? लिहून झाल्यावर तिने उतारा दोनदा वाचला, एकेका शब्दावर नजर रोखून, खिसे तपासावेत तसा.

सुमेधने हात वर केला. हा मुलगा एरवी तोंड उघडत नसे.

‘‘तो झोपलेला नाही, बाई. सोंग घेतलंय. घाबरलाय तो.’’

‘‘कशाला घाबरेल?’’

‘‘ती उशाशी उभी आहे ना.’’

‘‘कोण ती?’’

स्वतःच फळ्यावर लिहिलेलं उत्तर बाई पुन्हा का विचारतायत, अशा नजरेने सुमेधने तिच्याकडे पाहिलं. ‘‘ती रोज उभी असते. त्याने डोळे उघडायची वाट बघते. तिला एकच गोष्ट विचारायचीय.’’

‘‘खोटं!’’ डस्टर टेबलावर आदळला आणि पांढरी धूळ उसळली. ‘‘कुठे लिहिलंय? दाखव! आधार दाखव मला!’’ आवाज मैदानापर्यंत गेला. शेजारच्या वर्गातले शिक्षक दारात येऊन उभे राहिले. पण वर्गातलं एकही मूल दचकलं नाही. सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि उत्तर सापडल्यावर लिहितात तसं, शेजाऱ्याला दिसू नये म्हणून हाताचा आडोसा करून लिहायला लागली.

घंटेची वाट न बघता तिने पिशवी उचलली आणि रेल्वेचा पूल ओलांडून पूर्वेला चंदनसारपर्यंत चालत सुटली. आधी राग मुलांचा येत होता, मग लुसीचा, मग हसत हसत सांगणाऱ्या त्या तोंडाचा; आणि आपण ‘बरं केलंत’ म्हणालो ते आठवलं तेव्हा तिला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. नुसती मान डोलावत काढलेली इतकी वर्षं एकदम अंगावर आली. पण पाय जड झाले नाहीत, उलट उचलतच गेले. काय बोलायचं ते जिना चढेपर्यंत शब्दन् शब्द तयार होतं.

तिने आपल्या किल्लीने दार उघडलं. आतल्या खोलीत दिनानाथ पलंगावर डोळे घट्ट मिटून पडला होता. भर दुपारी त्याने चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली होती.

ती खोलीच्या दारातूनच ओरडली, ‘‘अहो! त्या दिवशी माझ्या वतीने नाही म्हणायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं?’’

‘‘किती वेळा तेच विचारशील?’’ त्याचा आवाज बसलेला होता.

‘‘किती वेळा? आज पहिल्यांदा विचारतेय मी!’’

त्याने डोळे उघडले नाहीत. चादरीतून दोन्ही हात बाहेर काढून जोडले आणि मान वळवली. दाराकडे नाही, उशापलीकडच्या कोपऱ्याकडे.

‘‘चुकलो म्हटलं ना. कालही म्हटलं. आता तरी बस गं, यमुना. सकाळपासून उभी आहेस.’’

यमुना दारातच होती. तिच्या पायांत अजून चपला होत्या.