दोघींची फाइल

अंध मुलांच्या शाळांसाठी हाताने वाचायचे नकाशे नणंद-भावजय मिळून करत. वहिनी कॉम्प्युटरवर नकाशा रेखाटायची आणि नणंद मशीनवर प्लॅस्टिकच्या पाटीवर त्याच्या उठावाच्या रेषा उमटवायची. खोली एक, कॉम्प्युटर एक, पण लॉगिन दोन. वहिनीला अक्षरं मोठी लागत आणि नणंदेच्या डोळ्यांत ती खुपत.

एका सकाळी एका शाळेतल्या बाई शाळेच्या इमारतीच्या नकाशाची पाटी बघायला आल्या. बघायला म्हणजे हाताने. त्यांनाही दिसत नव्हतं. रेषांवरून सावकाश बोटं फिरवत त्या मुख्य दाराशी थांबल्या.

"जिना इथे नाही. तो डावीकडे गेलाय, मी कळवलं होतं."

"मी हलवला होता की," वहिनी म्हणाली.

हलवला होता, पण दुसऱ्याच फाइलीत. एकीने सेव्ह केलेली फाइल दुसरीला नुसती उघडता यायची, बदलता यायची नाही. मग ती स्वतःची प्रत करायची, आणि ती प्रत पहिलीला बदलता यायची नाही. फोल्डरमध्ये 'नकाशा', 'नवा नकाशा', 'खरा नवा नकाशा' अशी पिलावळ झाली होती. नणंदेने त्यातली भलतीच मशीनला दिली होती.

बाई गेल्यावर नणंद फुगून बसली. "वहिनी, मी हात लावू नये असं वाटत असेल तर तसं सांग. फाइलींना कुलपं कशाला घालतेस?"

"मी? मला तर वाटत होतं, तूच घालतेस."

इतके दिवस दोघींनी एकच राग गिळला होता. आधी नणंदेला हसू फुटलं, मग वहिनीला.

"पण आपण ते सेटिंग केलं होतं ना?" वहिनीने विचारलं. "नवी फाइल दोघींना बदलता यावी म्हणून?"

नणंदेने टर्मिनलच्या, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीतून एक फाइल बनवली. ती दोघींना बदलता येत होती. मग आयकॉनवर क्लिक करून चित्रांचा प्रोग्राम उघडला आणि दुसरी फाइल बनवली. तिला कुलूप.

थोडी शोधाशोध केल्यावर उलगडा झाला. त्यांनी त्या सेटिंगची ओळ ज्या फाइलीत लिहिली होती, ती फक्त टर्मिनल उघडताना वाचली जात होती. आयकॉनवरून उघडणाऱ्या प्रोग्रामांच्या कानावर ती गोष्ट गेलीच नव्हती. ते लॉगिन होताना ठरलेल्या परवानग्याच पुढे चालवत होते. नणंदेने तोच नियम दोघींच्या लॉगिनच्या सेटिंगमध्ये घातला आणि लॉगआउट करून पुन्हा आत आली. फरक शून्य.

"मागे काहीतरी जुनं चालू असेल," वहिनी म्हणाली. "पूर्ण बंद करून चालू कर."

केलं, आणि जमलं. नव्या फाइली दोघींना बदलता येऊ लागल्या. जुन्यांना नियम आपोआप लागणार नव्हता, म्हणून जिची तिने आपापल्या लॉगिनमधून त्यांची कुलपं काढली. जास्तीच्या प्रती उडवताना वहिनी म्हणाली, "केवढी अडगळ केली गं आपण."

नवी पाटी घेऊन दोघी शाळेत गेल्या. बाईंची बोटं दारातून डावीकडे वळली, जिना चढून वर्गापर्यंत पोचली. "आता मुलांसाठी लावायला हरकत नाही," त्या म्हणाल्या.

त्यानंतरचं काम एका बागेच्या नकाशाचं होतं. वहिनीने काढलेलं तळं नणंदेने तिला न विचारता थोडं मोठं केलं, कारण एवढंसं बोटाला लागलं नसतं. वहिनीने फाइल उघडली, तळं पाहिलं, आणि काठाला एक बाक जोडून सेव्ह केली.