डाव्या कोपऱ्यातला पास

मी चेंडू बोलतोय. बास्केटबॉलचा, नारिंगी, अंगावर काळ्या रेघा असलेला. पोटात हवा असली तरी डोक्यात नाही, म्हणून स्वतःबद्दल फार सांगत बसणार नाही. कारखान्यात मला घडवलं, हवा भरली, दोनदा आपटून पाहिलं आणि नीट उसळलो म्हणून खोक्यात घातलं. आपटून घेणं हेच माझं काम. त्याबद्दल तक्रार नाही.

मला खोक्यातून काढलं ते मुलींच्या कॉलेजच्या संघातल्या भिंगरीने. ती गार्ड होती. गार्ड म्हणजे बहुधा संघातली सगळ्यात बुटकी मुलगी, पण चेंडू मागून पुढे आणायचा आणि खेळ कसा चालवायचा ते ठरवायचं काम तिचं. भिंगरी दोन क्षण एका जागी उभी राहील तर शपथ. कॅप्टन तिच्याहून चांगली हातभर उंच, तिला सगळ्या जिराफ म्हणायच्या.

या दोघींची एक चाल ठरलेली होती. जिराफ मला घेऊन रिंगखाली उभी राहायची. समोरच्या दोघी-तिघी तिच्या अंगावर आल्या, की ती मान न वळवता मला डाव्या कोपऱ्यात फेकायची. भिंगरी तिथे पोचलेलीच असायची. तिचे कोरडे, खरखरीत हात मला भेटायचे आणि लगेच मी जाळीतून खाली. "बघायचं कशाला? ती असतेच," जिराफ म्हणायची. मलाही तसंच वाटायचं.

मग सुट्टी लागली. सुट्टीत भिंगरीला ताप आला आणि त्यातच ती गेली. मला कुणी सांगितलं नाही. सुट्टी संपल्यावर कपाट उघडलं, तेव्हा मुली हळू आवाजात बोलत होत्या आणि मला उचलायला कुणी पुढे होईना. त्यावरून कळलं.

तिच्या जागी पहिल्या वर्षाची एक मुलगी आली. ती नवी, म्हणून तिचं नाव पडलं नवी. हात गार, घामेजलेले. पण टप्पे असे मारायची की मला गुदगुल्या व्हाव्यात. तिच्या दादाने तिला गल्लीत उभ्या केलेल्या दोन स्कूटरींच्या मधून चेंडू काढायला शिकवलं होतं. त्यामुळे गर्दी दिसली की बाई कडेने जायच्या नाहीत, थेट मधून घुसायच्या.

पहिल्याच मॅचमध्ये जिराफने मला न बघता डाव्या कोपऱ्यात फेकलं. तिथे कोणी नव्हतं. मी रेषेबाहेर गेलो आणि भिंतीवर आपटलो. भिंती मला नव्या नाहीत, पण तशी भिंत कधी लागली नव्हती.

"तिथे कोण असायला हवं होतं?" कोच मॅडम ओरडल्या.

"मॅडम, मी मधे मोकळी होते. हात पण वर केला होता," नवी म्हणाली.

"मोकळी असून काय उपयोग? पास कोपऱ्यात येतो."

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथे मेल्यावरही गेली नव्हती. आणि एकट्या जिराफलाच काय बोलायचं? बाकीच्या मुलीही त्या कोपऱ्याजवळून पळताना किंचित बाजूला सरकायच्या, कुणाला वाट द्यावी तशा. दम खायला बसल्या की बाकावर एकीपुरती जागा सोडायच्या. नवी शेजारी उभी राहून पाणी प्यायची. तिला बसायला कुणी नको म्हटलं नव्हतं, पण ये बस असंही कुणी म्हटलं नाही.

पुढच्या दोन मॅच नवी बाहेरच बसली. मग एका दुपारी ती मला घेऊन एकटीच मैदानात आली आणि डाव्या कोपऱ्याकडे धावायला शिकू लागली. कुठून वळायचं, कितवं पाऊल कुठे टाकायचं, हे ती सगळ्यांना विचारून आली होती. तिचे बूट करकरत होते आणि माझ्या अंगावर काटा येत होता. ती धाव माझ्या ओळखीची होती.

काही दिवसांनी सरावात जिराफने मला कोपऱ्यात फेकलं आणि ओरडली, "भिंगरे, घे!"

सगळ्या थांबल्या. जिराफचा चेहरा पांढराफटक पडला. पण मला झेललं गेलं होतं.

"घेतला," नवी म्हणाली.

त्यानंतर संघ जिंकू लागला. मॅडम खूश, मुली खूश. नवीचं दुसरं वर्ष सुरू झालं, वर्तमानपत्रात संघाचा फोटो आला. बाकावरही तिला जागा मिळाली, ती सोडलेलीच. आणि मॅचला भिंगरीची आई येऊ लागली. बारीक बांध्याची, हातात पाण्याची बाटली. बसायची ती डाव्या कोपऱ्याला लागून, प्रेक्षकांच्या अगदी खालच्या पायरीवर. मॅच संपली की बाटली नवीला द्यायची.

"घोट घोट पी हं. तुला लगेच ठसका लागतो."

नवीला कधीच ठसका लागत नव्हता. तो भिंगरीला लागायचा. तरी नवी मान हलवायची आणि घोट घोट प्यायची.

एकदा नवीचा दादा लांबचा प्रवास करून मॅच बघायला आला. संपल्यावर ती धावत त्याच्याकडे गेली. मी तिच्या काखेतच होतो.

"कसं खेळले रे?"

"तू खेळलीस?" दादा गोंधळून म्हणाला. "मी वरून बघत होतो. मधून घुसणारी कुणी दिसलीच नाही. मला वाटलं, तू बाहेर बसलीयेस."

आधी ती हसली. मग कपडे बदलायच्या खोलीत मला पोटाशी धरून इतकी रडली, की मला ओल चढली. मला त्या पोरीची कीव आली. रागही आला, पण कुणाचा ते कळेना. मेलेल्यावर रागवायचं कसं?

उपांत्य सामन्यात आम्ही एका गुणाने मागे होतो. शेवटची चाल उरली होती. मॅडमनी सगळ्यांना जवळ बोलावलं.

"नेहमीचंच. जिराफ, कोपरा."

"मॅडम, त्या कोपऱ्यावर आता दोघी टपून आहेत. मी मधून येते," नवी म्हणाली.

"आत्ता प्रयोग नकोत."

"जिराफताई, एकदा माझ्याकडे बघ. नुसतं बघ," नवी म्हणाली. जिराफ बुटाची नाडी बांधत होती. तिने वर पाहिलं नाही.

शिट्टी झाली. मी जिराफच्या हातात आलो. दोघी तिच्या अंगावर धावल्या. नवी कोपऱ्याकडे निघाली, दोन पावलं गेली आणि थांबली. मग वळली आणि थेट मधून घुसली. तिच्यावर नजर ठेवणाऱ्या दोघीही फसल्या. ती रिंगसमोर एकटी होती.

"मी इथे आहे!" ती ओरडली.

पण मी हातातून सुटलो होतो. मान न वळवता, डाव्या कोपऱ्यात. रिकाम्या जागेवरून उडत गेलो आणि भिंगरीच्या आईच्या मांडीवर पडलो.

आम्ही हरलो.

समोरचा संघ नाचत होता. जिराफने पहिल्यांदाच त्या कोपऱ्याकडे वळून पाहिलं. तिथे कोणी नाही, हे तिला तेव्हा दिसलं. एवढी मोठी मुलगी होती त्या जागी खाली बसली आणि हंबरडा फोडला. भिंगरी गेल्यापासून ती रडलेली मी ऐकली नव्हती.

आईने मला घट्ट धरलं होतं. पंच मला मागायला आले आणि तसेच परत फिरले. मग नवी आली.

"काकू, चुकलं माझं. मी तिथे जायला हवं होतं."

आई बराच वेळ माझ्यावरून हात फिरवत राहिली.

"तू गेली असतीस, तर मी पुढच्या मॅचला आले असते," ती म्हणाली. "मग त्याच्या पुढच्या. मला कळत होतं गं, तू ती नाहीस. मी डोळे किलकिले करून बघायचे, म्हणजे तुझा चेहरा दिसत नाही."

आईने मला तिच्या हातात दिलं आणि तिचे हात आपल्या हातांत धरले.

"किती गार आहेत तुझे हात," ती म्हणाली. "तिचे कधीच नव्हते."

आई मग कधी आली नाही. जिराफ कॉलेज संपवून गेली. आता नवी कॅप्टन आहे आणि तिच्या हाताखाली पहिल्या वर्षाची एक भित्री पोर आली आहे.

माझ्या रेघा पुसल्या आहेत, हवा टिकत नाही, मॅचला नेत नाहीत, सरावापुरता उरलोय. भिंगरी मला अजून आठवते. कुणाच्याही हातातून सुटलो, की मला क्षणभर डाव्या कोपऱ्याची ओढ लागते. ती ओढ माझ्यापाशीच राहू दे. चेंडूने जपलं तर कुणाचं नुकसान होत नाही.

तुम्हाला एवढंच सांगतो. तुमच्याकडेही कुणाच्या तरी जागी कुणी आलं असेल. तिने हात वर केला असेल. पास टाकण्याआधी एकदा मान वळवा आणि तिच्याकडे बघा.