कळल्याशिवाय ‘हो’ नाही

वहिनींच्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की तो थांबवणं कुणाच्या बापाला जमलेलं नव्हतं, आणि त्यांच्या नवऱ्याने तसा प्रयत्नही कधी केला नव्हता. नवरा सामान हलवणाऱ्या कंपनीत कामाला होता. कपाटं, फ्रिज, शिलाई मशिनं, एकदा तर अख्खी तिजोरी त्याने पाठीवर घेऊन अरुंद जिन्याने वर चढवली होती. क्रेन जिथे पोचत नाही तिथे हा पोचतो, म्हणून सोबतची माणसं त्याला क्रेनच म्हणायची आणि त्याच्या बायकोला वहिनी. आपणही तेच म्हणू. क्रेन दिवसभरात जेवढे शब्द बोलायचा, तेवढे वहिनी चहा गाळता गाळता बोलून टाकायच्या. कुणी क्रेनला काही विचारलं की उत्तर वहिनींकडून यायचं. “यांना साखर कमी लागते.” “यांना हा रंग आवडत नाही.” क्रेन शेजारी उभा राहून मिशीतल्या मिशीत हसायचा. संसार अगदी झकास चालला होता.

मग क्रेनने एक खोकला अंगावर काढला. त्याचा न्यूमोनिया झाला, आणि उभ्या आयुष्यात कधी डॉक्टरकडे न गेलेला माणूस एकदम अतिदक्षता विभागात जाऊन पडला. आधी तोंडातून नळी घालून श्वासाच्या मशीनला जोडला. मशीन सुटेना, तेव्हा गळ्याला छोटंसं भोक पाडून तिथून नळी घातली. औषधांनी जंतू गेले, ताप उतरला, क्रेन शुद्धीवर आला, बायकोला त्याने ओळखलं. पण श्वास मशीनचाच होता, आणि तो गळ्यातल्या नळीतूनच आत-बाहेर करत असल्यामुळे आवाज फुटत नव्हता. ओठ नुसतेच हलायचे.

वहिनींना त्याची फारशी काळजी वाटली नाही. “नाहीतरी यांच्या वतीने मीच बोलते,” त्यांनी नर्सला सांगितलं. “काय हवं-नको ते मला विचारत चला.”

सगळे विचारतही होते. एक त्या फुप्फुसांच्या डॉक्टरबाई सोडून.

बाई दिसायला किडकिडीत, चष्मा कायम डोक्यावर सरकवलेला, आवाज असा की बाजूच्या खाटेवर जाऊ नये. बाकीचे डॉक्टर वाऱ्यासारखे यायचे, मशीनवरचे आकडे वाचायचे आणि जायचे. ह्या मात्र स्टूल ओढून बसायच्या, तेही अशा की त्यांचं तोंड क्रेनच्या तोंडासमोर यावं. “काका, मी तुमची डॉक्टर. कालही आले होते. औषधांमुळे विसरायला होतं, म्हणून पुन्हा सांगते. आज कसं वाटतंय?”

“पाठ दुखतेय यांची,” वहिनी म्हणाल्या. “आणि झोप नाही.”

“बरं काकू,” डॉक्टर म्हणाल्या, आणि पुन्हा क्रेनकडे वळून तोच प्रश्न विचारला. वहिनींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आपण काय इथे भिंतीला टेकवून ठेवलेली छत्री आहोत का, असं त्यांना वाटलं.

दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांनी मिशीला हात घातला. म्हणजे तसं विचारलं. क्रेनची मिशी भरघोस होती, वरचा ओठ तिच्याखाली कधीच गडप झालेला. “काका, तुमचे ओठ दिसले तर मला तुमचं बोलणं वाचता येईल. मिशी थोडी कापू का?”

“अजिबात नाही!” वहिनी उठून उभ्याच राहिल्या. “लग्नातसुद्धा ही मिशी होती. मिशी म्हणजे यांचा जीव की प्राण आहे!”

डॉक्टर क्रेनकडे बघत राहिल्या. क्रेनने बायकोकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे, आणि चक्क मान हलवून होकार दिला. वहिनी खाली बसल्या. इतक्या वर्षांत या माणसाने त्यांच्या ‘नाही’पुढे ‘हो’ म्हटल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

कात्री डॉक्टरांनी स्वतःच चालवली. नर्सला सांगता आलं असतं, पण नाही. कापता कापता त्या बोलत होत्या. “माझ्या आईला ऐकू यायचं नाही, काका. लहानपणी तापात कान गेले. ती बोलायची, पण शब्द वेडेवाकडे यायचे. लोक काय करायचे माहितीये? नुसती मान डोलवायचे. दुकानदार, शाळेतल्या बाई, आमचेच काका-मामा. एक अक्षर कळलेलं नसायचं, पण हो हो म्हणून मोकळे. एकदा डॉक्टरही हो हो म्हणाले आणि पोटदुखीचं औषध दिलं. तिची दुखत होती छाती. आई घरी यायची आणि भांडी आपटायची.”

क्रेनचे खांदे हलले. तो हसत होता.

“म्हणून आमच्या घरात नियम होता. कळल्याशिवाय ‘हो’ म्हणायचं नाही. दहादा विचारलंस तरी चालेल, पण खोटी मान डोलवलीस तर जेवायला मिळणार नाही, असं आई म्हणायची. मी तिच्या ओठांकडे बघतच वाढले. पुढे शिकताना या विभागात आले तर एकाही पेशंटला आवाज नाही! सोबतचे वैतागायचे. मला आपलं घरी आल्यासारखं वाटलं.” त्यांनी कात्री खाली ठेवली. “अर्धं मला ओठांवरून कळतं. उरलेलं मी विचारून घेते. चुकले तर डोळे मिटा.”

वहिनींचा राग त्या दिवशी बराचसा उतरला. बाई चिवट आहे, पण खरी आहे, एवढं त्यांनी मनातल्या मनात मान्य केलं.

घोडं अडलं ते पुढे. मशीन सुटायचं तर रोज थोडा वेळ ते बाजूला काढून स्वतःचा श्वास घ्यायचा सराव करायला हवा होता. मशीनवर जितकं पडून राहावं तितकी छातीची ताकद कमी होत जाते, हे डॉक्टरांनी काहीही न लपवता सांगितलं होतं. धीर द्यायला घरचं माणूस जवळ असावं म्हणून सरावाची वेळ त्यांनी भेटीच्याच वेळेत ठेवली. वहिनी तर हात धरून उभ्याच. “घ्या, घ्या श्वास! अहो, तिजोरी चढवलीत तुम्ही, हे काय आहे!” आणि क्रेनचं काय व्हायचं? डोळे मोठे, अंग घामाने ओलं, छाती भात्यासारखी वरखाली. मग तो मान हलवायचा. नको. मशीन पुन्हा लागायचं.

रोज हेच. पुढे पुढे तर सरावाची तयारी दिसली की मशीन काढायच्या आधीच तो मान हलवू लागला.

“पेशंटचीच इच्छा दिसत नाही,” एक तरुण डॉक्टर दाराबाहेर दुसऱ्याला म्हणाला. वहिनी तिथेच होत्या. घरी जाऊन त्यांनी परगावी दिलेल्या पोरीला फोन लावला आणि नुसत्या रडल्या. क्रेनला ओझं अर्ध्या जिन्यात खाली ठेवलेलं कधी कुणी पाहिलं नव्हतं. तो माणूस नको म्हणतोय, म्हणजे आता खरंच नको असणार.

दुसऱ्या दिवशी त्या डॉक्टरांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. तोंडात शब्द आधीच घोळवून ठेवले होते.

“डॉक्टर, यांना आता सोडा. त्रास नको. हे नको म्हणतायत. माझं माणूस आहे, मला कळतं.”

डॉक्टरांनी चष्मा डोक्यावरून काढून हातात घेतला. “काका स्वतः तसं म्हणाले, तर मी त्यांना एका मिनिटाचाही जास्त त्रास देणार नाही. शब्द देते. पण काय नको ते मला अजून कळलेलं नाही, काकू. आणि कळल्याशिवाय मी हो म्हणत नाही.”

दोघी क्रेनजवळ गेल्या. डॉक्टर स्टुलावर बसल्या. “काका, तुम्ही नको म्हणता. काय नको? उपचार नकोत?”

क्रेनचे ओठ हलायला लागले. वहिनी पुढे वाकल्या, “सांगा हो, घाबरू नका, मी आहे,” आणि ओठ मिटले. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. ओठ उघडले, नजर वहिनींकडे गेली, ओठ मिटले. डॉक्टर वहिनींकडे वळल्या.

“काकू, थोडा वेळ बाहेर बसाल?”

“मी?” वहिनींचा आवाज चढला. “मी बाहेर? आणि माझ्या नवऱ्याचं बोलणं तुम्ही ऐकणार?”

“हो. त्यांनी सांगू दिलं तर एकही शब्द गाळणार नाही.”

वहिनी बाहेर बाकावर बसल्या. समोरच्या भिंतीवर हात धुण्याच्या सूचनेचं चित्र होतं. त्या ते बघत राहिल्या, पण त्यात काय आहे ते त्यांना कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. आत आपल्या माणसाने जगायचं की नाही ते ठरतंय, आणि आपण बाहेर. जीव नुसता टांगणीला लागला होता.

डॉक्टर आल्या आणि बाकावर त्यांच्या शेजारी बसल्या, अगदी समोर तोंड करून, जशा क्रेनपुढे बसत तशा.

“त्यांना जगायचंय.”

वहिनींनी पदर तोंडाला लावला.

“नको ते एवढंच, की तुमच्यासमोर धापा टाकायच्या नाहीत. म्हणाले, मला कधी धाप लागलेली हिने बघितली नाही. दर जिन्यात लागायची, पण दम खाऊन मगच घरात यायचो. हिच्यासमोर होत नाही माझ्याच्याने. मी तीनदा विचारून खात्री केली, काकू. तुम्हाला सांगू का, तेही विचारलं. बराच वेळ विचार केला, मग हो म्हणाले. चूक माझी आहे. सरावाला तुम्हाला उभं करायचं मी ठरवलं. त्यांना विचारलंच नाही.”

वहिनींना आधी राग आला, मग हसू आलं, मग दोन्ही एकदम. “अहो, यांचे घामाचे बनियन कुणी धुतले? मला काय माहीत नव्हतं? जिन्याखाली उभे राहून दम खायचे, ते मी गॅलरीतून बघायची. तेवढ्यात चहा टाकायची!”

“हे त्यांना सांगितलंत कधी?”

एवढी वर्षं वहिनी नवऱ्याबद्दल जगाशी बोलल्या, पण हे त्याला सांगायचं राहून गेलं होतं.

सराव सकाळी ठेवला गेला. वहिनी बाहेर. त्यांच्यासाठी याहून मोठी शिक्षा नव्हती. लिफ्टवाल्याला त्यांनी माहेरची सगळी माहिती दिली, सफाईवालीच्या सुनेचं भांडण मिटवलं, आणि तरीही दाराकडे डोळे. डॉक्टर बाहेर येऊन जे असेल ते सांगायच्या. “आज लवकर दमले.” “आज छान.” “आज मनच नव्हतं, मग गप्पाच मारल्या.” खोटा धीर त्यांनी एकदाही दिला नाही, आणि म्हणूनच त्या ‘छान’ म्हणाल्या की वहिनींना दिवसभर पुरायचं. अशा माणसाच्या हातात आपला माणूस आहे, या विचाराने त्यांना आताशा झोप लागू लागली होती.

एका सकाळी डॉक्टर बाहेर आल्याच नाहीत. दार मात्र उघडं राहिलं. गळ्यातल्या नळीच्या तोंडावर आज त्यांनी एक छोटी झडप बसवली होती, तिच्यामुळे श्वास वर घशात जातो आणि आवाज फुटतो. वहिनींना याची काहीच कल्पना नव्हती.

“अगं.”

घोगरा, फाटका, चिरका आवाज. वहिनींनी आधी ओळखलाच नाही.

“अगं, आत ये.”

वहिनी उठल्या, पाय कशाला तरी अडखळला, तशाच दारात जाऊन थांबल्या. डॉक्टर स्टूल मागे सरकवून भिंतीपाशी उभ्या होत्या. मशीन बाजूला, बंद. क्रेन उशीला टेकून बसला होता, कापलेल्या मिशीखालचा ओठ उघडा.

“आता बघ,” तो म्हणाला.

तेवढ्या बोलण्यानेही त्याला धाप लागली होती. ती त्याने लपवली नाही.